ऐकणाऱ्याचा इतिहास



आपल्याकडे गाण्याचा इतिहास सांगायचा म्हणजे गाणाऱ्यांचा इतिहास सांगायचा, असा शिरस्ता पडून गेला आहे. कोण कोणाचा शागीर्द, कोणी कोणाकडून चीज उचलली, कोणत्या संस्थानात कोणाला किती तनखा होता, कोणी कोणाला भर मैफलीत खाली पाहायला लावले, या कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यांतल्या निम्म्या खऱ्या असतील, निम्म्या सांगणाऱ्याने रंगवलेल्या असतील. पण त्या सर्व गाणाऱ्याच्या आहेत. समोर सतरंजीवर मांडी घालून बसलेला जो माणूस, त्याचे चरित्र लिहावे असे कोणाला वाटले नाही. त्याला घराणे नाही, गंडा नाही, पुण्यतिथी नाही. आज मी त्या माणसाविषयी चार शब्द बोलणार आहे.

विषय सुचला तो असा. माझी एक पुतणी कॉलेजात शिकते. गाण्याची तिला मनापासून आवड आहे. एके दिवशी ती मला म्हणाली, "काका, तुमच्या वेळेला ऐकायला फार थोडं होतं म्हणता. माझ्या खिशातल्या फोनमध्ये सगळंच आहे. पण आज काय ऐकावं ते सुचत नाही, आणि ऐकलं तर उद्या आठवत नाही. असं का होतं?" वडीलधाऱ्याने अशा वेळी जे उत्तर द्यावे ते मी दिले. 'तुमच्या पिढीला धीर नाही' असे काहीतरी बोललो. ती गप्प बसली, आणि माझे मलाच ते उत्तर पोकळ वाटले. आमच्या पिढीला तरी ऐकणे कोणी शिकवले होते? आमच्या आधीच्यांना कोणी शिकवले? तेव्हापासून मी जुन्या गोष्टी पुन्हा चाळू लागलो. लक्ष देऊन ऐकणे ही माणसाची उपजत शक्ती नाही, ती आपल्या समाजात एका काळी, काही माणसांच्या खटपटीने आणि काही यंत्रांच्या योगाने घडत गेली, असे मला त्यातून दिसले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आपल्याकडचा सामान्य माणूस गाणे कोठे ऐकत असे? देवळात कीर्तन होते, वारीत अभंग होते, जत्रेत तमाशा होता, दळताना ओव्या होत्या. गाणे त्याच्या चोहीकडे होते. पण ज्याला आपण आज अभिजात संगीत म्हणतो, ते मात्र राजवाड्यात नाहीतर कलावंतिणीच्या दिवाणखान्यात. पहिल्या ठिकाणी त्याला शिरकाव नव्हता, आणि दुसऱ्या ठिकाणी तो गेला तर घरी सांगण्याची सोय नव्हती. मुंबईस १८७० साली कैखुश्रू काबराजी यांच्या पुढाकाराने पारशी गायन उत्तेजक मंडळी स्थापन झाली, आणि पुण्यास १८७४ साली गायन समाज निघाला. पुणेकरांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली, म्हणजे गायन समाजाच्या दुसऱ्याच वर्षी. एका जागी शांतपणे बसून एका माणसाचे बोलणे तासभर ऐकायचे आणि एका जागी शांतपणे बसून एका माणसाचे गाणे तासभर ऐकायचे, या दोन्ही सवयी या शहराने जवळजवळ बरोबरच अंगी लावून घेतल्या.

गायन समाजाचा हेतू उघड होता. सभ्य गृहस्थांना आणि त्यांच्या मुलांना, अब्रूला धक्का न लागता गाणे ऐकता यावे, शिकता यावे. बळवंत त्र्यंबक सहस्रबुद्धे यांनी या कामी पुष्कळ कष्ट घेतले. पण या उपकाराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती बहुधा सांगितली जात नाही. ज्या स्त्रियांनी ठुमरी, टप्पा, ख्याल गळ्यात जपून ठेवला होता, त्यांच्यापासून संगीताची 'सुटका' करणे हा त्या सभ्यपणाचा एक भाग होता. गाणे दिवाणखान्यातून सभागृहात आले आणि ज्यांनी ते दिवाणखान्यात सांभाळले त्या पुष्कळशा दाराबाहेरच राहिल्या. पुढे त्याच परंपरेतून आलेल्या गोमंतकातल्या केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांनी आपल्या गळ्याच्या जोरावर ती दारे उघडायला लावली, ही गोष्ट वेगळी. केसरबाईंनी ती नुसती उघडायला लावली नाहीत. समोरच्या मंडळींनी कसे बसावे, केव्हा बोलू नये, हेही त्यांनीच ठरवले.

संगीत नाटकांबद्दल मी थोडक्यात बोलतो, कारण त्यावर आपण सर्वांनी गरजेपेक्षा अधिक ऐकले आहे. १८८० साली पुण्यात किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि पुढली पन्नास वर्षे मराठी माणसाने राग ओळखला तो पदांवरून. १९११ च्या 'मानापमाना'त गोविंदराव टेंब्यांनी पूरबी ढंगाच्या चाली आणल्या, १९१६ च्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखल्यांनी ख्यालांची चाल पदांना दिली. भास्करबुवांसारखा तीन-तीन घराण्यांची विद्या पचवलेला गवई ज्या लोकांसाठी चाली बांधतो, त्या लोकांच्या कानाला वळण लागणारच. परंतु याच काळात श्रोत्याच्या हाती एक शस्त्रही आले. 'वन्समोअर' हे ते शस्त्र. आवडले की पुन्हा म्हणा! एकदा झाले, दोनदा झाले, कथानक तिकडे खोळंबले तरी चालेल. श्रोता पहिल्यांदाच हुकूम करायला शिकला. हुकूम करणे आणि ऐकणे या दोहोंत फरक आहे, तो त्याला उमगायला वेळ लागला. असो.

आता ज्या माणसापाशी मला अधिक वेळ थांबायचे आहे, त्याच्याकडे वळतो. विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १८६० साली मुंबईत वाळकेश्वरी झाला. शिक्षण वकिलीचे; कराचीच्या न्यायालयात त्यांनी काही काळ वकिली केलीही. १८८४ साली ते गायन उत्तेजक मंडळीचे सभासद झाले आणि तेथे येणाऱ्या गवयांना ऐकू लागले. १९०० साली पत्नी गेली, १९०३ साली एकुलती एक मुलगी गेली. त्यानंतर घरी त्यांना बांधून ठेवणारे कोणी उरले नाही. १९०४ साली ते दक्षिणेच्या प्रवासास निघाले.

त्या प्रवासाची मला नेहमी मौज वाटते आणि आदरही वाटतो. चव्वेचाळीस वर्षांचा एक वकील, गाऊन दाखवण्याची हौस नाही, कोणाचा गंडा बांधायचा नाही, बिदागी मिळवायची नाही. प्रश्नांची वही घेऊन तो गावोगाव हिंडतो आहे आणि जो कोणी भेटेल त्याला विचारतो आहे, की बाबा रे, तू हा राग असा गातोस तो का? शास्त्र काय सांगते? आणि शास्त्र तसे सांगत नसेल, तर तुझे खरे की शास्त्राचे? एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितांची गाठ पडली. व्यंकटमखीने सतराव्या शतकात मांडलेली बहात्तर मेळांची व्यवस्था त्यांनी तेथे समजावून घेतली. पुढे १९०७ नंतर पूर्वेकडचे आणि उत्तरेकडचे दौरे झाले. जयपूरला, रामपूरला उस्तादांकडून चिजा घेतल्या, काही त्या वेळच्या फोनोग्राफवर भरून ठेवल्या. १९०९ साली 'चतुर पंडित' या नावाने त्यांनी संस्कृत ग्रंथ लिहिला, त्याचे नाव 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्'. या नावातल्या 'लक्ष्य' या शब्दाकडे आपले लक्ष वेधतो. आपल्याकडे लक्षण म्हणजे शास्त्रातला नियम, आणि लक्ष्य म्हणजे प्रत्यक्ष व्यवहारात जे आढळते ते. भातखंड्यांनी लक्ष्याला मान दिला. जुन्या पोथीत काय आहे याच्यापेक्षा आज गवयी काय गातो आहे ते आधी ऐका, मग नियम करा, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे हा सगळा डोलारा एका माणसाच्या ऐकण्यावर उभा आहे. पुढे १९१० पासून मराठीत 'हिंदुस्थानी संगीतपद्धती'चे भाग निघाले. ते गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने लिहिले आहेत आणि आजही गोडीने वाचता येतात. 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत दीड हजारांहून अधिक चिजा त्यांनी स्वरलिपीसह छापून टाकल्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, वरच्या सप्तकाला डोक्यावर टिंब, खालच्याला पायाशी टिंब. ज्या चिजांसाठी शागीर्दांनी वर्षानुवर्षे चिलमी भरल्या, त्या काही रुपयांत कोणालाही मिळू लागल्या.

या गृहस्थाच्या स्वभावात एक कडवटपणा होता, तो झाकण्याचे कारण नाही. आपल्या रोजनिशीत त्यांनी उस्तादांच्या अज्ञानाविषयी जे शेरे मारले आहेत, ते वाचताना आज संकोच वाटतो. ज्यांनी दिले त्यांना 'शास्त्र येत नाही' म्हणून हिणवायचे, आणि ज्या शास्त्रात बसवायचे ते शास्त्र त्यांच्याच गाण्यावरून बनवायचे, हा न्याय विचित्र आहे. मुसलमान उस्तादांच्या बाबतीत तर त्यांच्याकडून पुष्कळ वेळा अन्यायच झाला, असे माझे मत आहे. तरीही 'मला हे का कळत नाही' हा प्रश्न घेऊन गाण्यासमोर बसलेला आणि त्या प्रश्नापायी आयुष्य वेचणारा आपल्याकडला श्रोता म्हटला, की मला आधी त्यांचीच आठवण होते.

त्यांच्या पद्धतीने ऐकणाऱ्याचा काय लाभ झाला आणि काय तोटा झाला, हे एका उदाहरणाने सांगतो. भूप आणि देशकार हे दोन राग घ्या. दोघांतही स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. एक कमी नाही, एक जास्त नाही. पेटीवर हे पाच स्वर वाजवून दाखवले तर अमुक भूप आणि अमुक देशकार असे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. परंतु गवयी भूप गाऊ लागला की गंधारापाशी विसावतो, गाणे खालच्या अंगाने चालते, आणि वेळ रात्रीच्या पहिल्या प्रहराची असते. देशकारात तो धैवताला धरून असतो, वरच्या अंगाने चालतो, आणि सकाळ झालेली असते. भातखंड्यांनी एकाला कल्याण थाटात घातले आणि दुसऱ्याला बिलावल थाटात. आता पाहा, ज्या श्रोत्याला हे सांगितले गेले, त्याचा कान एकदम उघडतो. स्वर कोणते एवढेच पुरत नाही. कोठे थांबतो, कोठून येतो, कशाला नुसता स्पर्श करून निघून जातो, इकडे तो पाहू लागतो. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचे तसेच. तिघांत कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम नाही. पण मारवा रिषभ-धैवतावर बेचैन उभा असतो, पूरिया गंधार-निषादात खोल उतरतो, आणि सोहनी वरच्या षड्जाभोवती घोटाळते. हे कोणी एकदा दाखवून दिल्याशिवाय शेकडा नव्वद माणसांना ऐकू येत नाही. मला तरी आले नव्हते.

तोटा असा झाला, की पुस्तकातला आरोह-अवरोह पाठ केलेल्या श्रोत्यांची एक जमात तयार झाली. गवयाने पहिला षड्ज लावण्याच्या आत हे गृहस्थ शेजाऱ्याच्या कानात रागाचे नाव सांगणार, आणि एकदा नाव सांगितले की यांचे काम संपले. मग उरलेला दीड तास चुका मोजायच्या. मी स्वतः या जमातीत होतो, म्हणून सांगतो. १९७४ च्या सुमारास, कॉलेजात असताना, एका रात्रभराच्या बैठकीत मी एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या शेजारी बसलो होतो. ते मिरजेकडचे होते आणि तंबोऱ्याच्या भोपळ्यांच्या व्यापारात त्यांचे आयुष्य गेले होते. गवई तंबोरे जुळवीत होते, ते काही केल्या संपेना. मी कंटाळून विचारले, "आजोबा, आता काय गातील? केदार की हमीर?" ते म्हणाले, "अरे बाळ, नाव सकाळी विचार. आधी हा तंबोरा ऐक. त्या शेवटच्या खर्जाच्या तारेतून गंधार निघतोय. ऐकू येतोय का?" मला काही ऐकू येईना. पुष्कळ वेळ ऐकल्यावर, म्हणजे दुसरे काही ऐकायचे सोडून दिल्यावर, तो मला सापडला. तारेवर कोणी न वाजवलेला, तारेतून आपला आपण उमटणारा गंधार. त्या रात्री काय गाणे झाले ते आता नीटसे स्मरत नाही. तो गंधार स्मरतो.

भातखंड्यांच्या बरोबरीने विष्णु दिगंबर पलुसकरांचे नाव घेतलेच पाहिजे. कुरुंदवाडला १८७२ साली जन्म, लहानपणी दारूकामाने डोळ्यांना इजा, मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तालीम, ५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय, १९०८ साली मुंबईस, हे आपणांस ठाऊक आहे. श्रोत्याच्या दृष्टीने त्यांचे मोठे काम एकच, आणि ते साधे आहे: तिकीट. तिकीट काढले की राजा आणि कारकून एका सभागृहात बसतात. दोघांनाही वेळेवर यावे लागते. गवयाला मर्जी सांभाळायची ती एका धन्याची नसते. पण याच तिकिटामुळे गवयाला हेही समजले, की मागच्या रांगेतल्या माणसाला कंटाळा आला तर तो पुढल्या खेपेला येणार नाही. त्याचे परिणाम चांगले-वाईट दोन्ही झाले.

आता यंत्राकडे येतो. १९०२ सालच्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्गने कलकत्त्यात गौहरजान हिचे गाणे मेणाच्या तबकडीवर घेतले. गाणे संपता संपता ती इंग्रजीत आपले नाव पुकारते. त्या काळच्या कित्येक तबकड्यांत असे नाव ऐकू येते. याचे कारण गमतीचे आहे. त्या तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात, आणि तेथल्या कारागिरांना ही कोणाची तबकडी हे कळायला दुसरी सोय नव्हती. १९०८ पासून कलकत्त्यातच तबकड्या छापू लागल्या. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत. जो ख्याल गवयी तासभर गाई, तो तीन मिनिटांत!

याने संगीताचे नुकसान झाले, असे म्हणणारे पुष्कळ होते. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. पण तबकडीने जे दिले तेही नवीन होते. तोपर्यंत पृथ्वीतलावर कोणत्याही माणसाने तेच गाणे दुसऱ्यांदा ऐकलेले नव्हते. तीच चीज ऐकली असेल, त्याच गवयाकडून ऐकली असेल. परंतु तीच तान, तोच श्वास, तीच कातरता पुन्हा ऐकणे अशक्य होते. गाणे हवेत विरून जाई आणि मागे उरे ती आठवण. आणि आठवण तर दर वर्षी गोड होत जाते. तबकडीवर सुई पुन्हा ठेवता येऊ लागली, तेव्हा श्रोत्याला पहिल्यांदाच आपल्याच ऐकण्याची परीक्षा घेता आली. काल जे ऐकू आले नाही ते आज आले, म्हणजे गाणे बदललेले नाही, मी बदललो, हे कळण्याचा दुसरा मार्ग नव्हता. त्यात कष्टही होते. किल्ली द्यायची, पोलादी सुई दर बाजूला बदलायची, तबकडी फडक्याने पुसायची, आणि फुटू नये म्हणून पोरांना दूर ठेवायचे. घरात दहा-बारा तबकड्या असल्या तर पुष्कळ. त्या दहा-बारा पाठ होत. इतकी तयारी करून लावलेले गाणे कोणी अर्ध्यावर सोडून उठत नसे.

अब्दुल करीम खाँसाहेबांनी या तीन मिनिटांचे मर्म फार चांगले ओळखले होते. कैराण्याहून निघालेला हा गवई मिरजेला स्थायिक झाला, आणि मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्याशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले. १९३७ साली मद्रासेकडील सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्टेशनावर त्यांचा अंत झाला. त्यांच्या तबकड्या आजही लावून पाहा. कोठे घाई नाही. तीन मिनिटांत मावेल तेवढेच त्यांनी घेतले आहे, आणि जे घेतले ते सुरात बुडवून काढले आहे. त्यांपैकीच झिंझोटीतल्या ठुमरीची एक तबकडी गदगमधल्या एका दुकानात लागलेली एका पोराच्या कानी पडली. त्या पोराने १९३३ साली घर सोडले. ग्वाल्हेर, दिल्ली, जालंधर असा गुरूच्या शोधात तो हिंडला, आणि अखेर घराजवळच, कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे, म्हणजे खाँसाहेबांच्याच शिष्याकडे, येऊन ठेपला. भीमसेन जोशींची ही कथा सर्वांना पाठ आहे. पण ती सांगताना आपण गुरूच्या शोधावर भर देतो. मला त्यातले दुकान महत्त्वाचे वाटते. त्या दुकानासमोरून त्या दिवशी कितीतरी माणसे गेली असतील. तबकडी सर्वांसाठीच वाजत होती. पुढे १९५३ साली याच भीमसेनांनी पुण्यात गुरूच्या पुण्यतिथीचा उत्सव सुरू केला आणि हजारो माणसांना रात्ररात्र बसून ऐकायची सवय लावली.

तबकडीची आणखी एक हकीकत सांगतो. १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' ही दोन याने सूर्यमालेच्या बाहेर धाडली. पृथ्वीवरचे संगीत म्हणून त्यांत एक सोनेरी तबकडी ठेवली. तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. त्यांतले दुसरे यान सुटले त्याच सप्टेंबरात केसरबाई वारल्या. आयुष्यभर जिने श्रोते निवडून घेतले, तिचे गाणे जेथे एकही श्रोता नाही अशा ठिकाणी गेले.

नभोवाणी २३ जुलै १९२७ रोजी मुंबईस सुरू झाली. तिने गाणे घरोघर नेले, आणि गाणे ऐकताना भाजी निवडायची, हिशेब करायचा, मुलाला रागे भरायचे, ही नवी रीतही घरोघर नेली. सरकारी खात्याच्या लहरीही असत. १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला नभोवाणीवर बंदी होती. १९५२ साली आपल्या बाळकृष्ण केसकरांनी मंत्री झाल्यावर शनिवारी रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू केला आणि त्याच सुमारास सिनेसंगीताला नभोवाणीचे दार लावून घेतले. लोक मग सिलोन लावू लागले! माणसाचा कान हुकमाने सुधारत नाही, हे सरकारला पाच वर्षांनी 'विविध भारती' काढून मान्य करावे लागले. परंतु केसकरांची थट्टा करणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की दूरच्या खेड्यात कंदिलाच्या उजेडात ज्या पोरांनी त्या शनिवारी रात्री कर्नाटकी गवई पहिल्यांदा ऐकला, त्यांना तो ऐकवायला दुसरे कोणी येणार नव्हते. निवेदक आधी रागाचे नाव सांगे, हे मात्र मला कधी आवडले नाही. कोड्याचे उत्तर वर छापून खाली कोडे घालावे, तसे ते होते.

या साऱ्या ऐकण्याचे शास्त्र लिहिणारा माणूस आपल्याला १९६१ साली लाभला. वामनराव देशपांडे पेशाने हिशेबतपासनीस, म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट. त्यांच्या 'घरंदाज गायकी'त घराण्यांच्या भांडणाला पहिल्यांदा एक मोजपट्टी मिळाली. एका टोकाला सूर, दुसऱ्या टोकाला लय. किराण्याचे गाणे सुराच्या टोकाजवळ, आग्र्याचे लयीच्या टोकाजवळ, आणि जयपूरचे दोहोंचा तोल सांभाळून मध्ये. कोणी म्हणेल, जमाखर्च मांडणाऱ्याचेच हे काम. म्हणेनात! त्या पुस्तकाने माझ्यासारख्या पुष्कळांची सोय केली. आग्र्याच्या गवयाकडून किराण्याचा सूर मागायचा आणि मिळाला नाही म्हणून रुसायचे, हे आमचे थांबले. कोणाकडून काय ऐकायचे हे ठरवून बसता येऊ लागले.

आणि आता शेवटी देवासला जाऊ या.

कुमार गंधर्व हा तबकड्यांवर वाढलेला मुलगा. बेळगावजवळच्या सुळेभावीस १९२४ साली जन्मलेला. सात-आठ वर्षांचा असताना मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या हुबेहूब गाऊन दाखवी आणि माणसे थक्क होत. १९३६ साली तो मुंबईस देवधरमास्तरांकडे आला. देवधरांच्या विद्यालयात नाना घराण्यांचे गवई येत-जात. तेथे त्याने सर्वांना ऐकले. तेविसाव्या वर्षी नाव झाले, लग्न झाले, आणि क्षयाने गाठले. ३० जानेवारी १९४८ रोजी, ज्या दिवशी गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, हवापालटासाठी पत्नी भानुमतीसह ते देवासला येऊन पोचले. डॉक्टरांनी गाण्याची मनाई केली. ही मनाई पाच वर्षे राहिली.

ज्या माणसाचा गळा म्हणजेच आयुष्य, त्याला पाच वर्षे अंथरुणावर पडून राहायचे आहे, तोंडातून सूर काढायचा नाही, आणि पुढे कधी काढता येईल याची खात्री नाही. त्या काळी क्षय म्हणजे बहुधा मरणच. स्ट्रेप्टोमायसिन नुकतेच येऊ लागले होते. खिडकीबाहेर माळव्याच्या बायका लग्नाची, पाण्याची, सणाची गाणी म्हणत जात. भिक्षेला येणारे नाथपंथी निर्गुणी भजने गात. हे आवाज देवासच्या प्रत्येक घराला ऐकू येत होते. कोणी त्यांना संगीत म्हणत नव्हते. कुमारांनी ते ऐकायला सुरुवात केली. ऐकून लिहून ठेवू लागले. पुष्कळ गाण्यांचा विस्तार तीन-चार स्वरांपलीकडे जात नाही, तरी त्यांत एक पुरे आकाश असते, हे त्यांना दिसले. मग उलट विचार सुरू झाला: राग आधी आणि धून त्याची गरीब नातलग असे आपण समजतो, पण धुनेतूनच राग उगवला असेल तर? अजूनही उगवू शकत असेल तर? त्यातून 'धुनउगम' राग आले. मालवती, लगनगंधार, संजारी, मघवा ही नावे त्या ऐकण्याची आहेत. १९६५ साली 'अनूपरागविलास' छापून निघाला तेव्हा ते सारे बाहेर आले.

तोवर कुमार पुन्हा गाऊ लागले होते. एक फुफ्फुस निकामी झालेले, श्वास तोकडा. त्यांच्या गाण्यात सूर जे तुटून, झेपावून, मध्येच थबकून येतात, त्याचा संबंध लोक त्या तोकड्या श्वासाशी लावतात. असेलही. मला वाटते, पाच वर्षे नुसते ऐकण्यात घालवलेल्या माणसाला मधली शांतता भरून काढावी असे वाटेनासे होते. जाणत्यांनी वाद घातले. हे राग की लोकगीते, घराणे कोठे आहे, गुरूची तालीम कोठे दिसते? त्या वादात मी पडत नाही. दोन्ही बाजूंनी चांगले गाणारे होते.

पुतणीला मी आता काय सांगितले, असे आपण विचाराल. मी तिला कुमारांच्या एका कार्यक्रमाची हकीकत सांगितली. १९६५ च्या सुमारास त्यांनी बालगंधर्वांच्या पदांचा एक कार्यक्रम बसवला. ती पदे तोवर महाराष्ट्रात अर्धशतक गाजत होती. प्रत्येक घरात कोणी ना कोणी ती गुणगुणत असे, त्यांच्या नकला करणारे तर गल्लोगल्ली होते, आणि कुमार स्वतः लहानपणी उत्तम नकल्या म्हणून नावाजलेले. स्वतः बालगंधर्व त्या वेळी हयात होते, थकलेले होते. कुमारांनी आता नक्कल केली नाही. ज्या गाण्यांत नवे काही उरले नाही असे सर्वांना वाटत होते, ती घेऊन ते बसले, आणि कार्यक्रमाला नाव दिले 'मला उमजलेले बालगंधर्व'.

ती म्हणाली, "काका, ते कुठे ऐकायला मिळेल?" फोन तिच्याच हातात होता. आम्ही दोघांनी मिळून ते शोधले, आणि एकच पद त्या संध्याकाळी तीनदा लावले.